वात हाये, दुसरं काय!

आमचं मेडिकल तालुक्याच्या गावात, बसस्टँडसमोर. यवतमाळ जिल्हा. सकाळची पहिली एसटी येऊन गेली की काउंटरवर पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, वाताच्या गोळ्या द्या." कोणासाठी, वय किती, दुखतं कुठं, काही नाही. कित्येक वर्षं मीही विचारलं नाही. पत्त्यातून चार गोळ्या कापल्या, पैसे गल्ल्यात टाकले. तेव्हा आज जे लिहितोय त्यातलं माझं माप आधी माझ्या पदरात घाला, मग पुढं वाचा.

माझ्या मते सगळा घोळ 'वात' या शब्दानं केलाय. सत्तरीच्या आजीचा झिजलेला गुडघा, वात. रात्री दारू-मटण झालं अन् पहाटे पायाचा अंगठा लालबुंद सुजला, वात. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर महिनोन्महिने धरलेले घोटे, तोही वात. सिकलसेलच्या पोरीची हाडं ठणकतात तर तिलाही वातच म्हणतात, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल काही नवलाचा आजार नाही. आजार वेगळे, कारणं वेगळी, औषधं वेगळी. नाव तेवढं एक, आणि नाव एक म्हणून गोळीही एक.

माझ्या वहिनीला सुरू झालं तेव्हा ती पस्तिशीत होती. बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात. नेमकी तीच सुजलेली, दोन्ही हातांची. सकाळी उठली की मूठ मिटत नसे. पोराच्या शाळेच्या शर्टाची बटणं शेजारची मुलगी लावून द्यायची. संक्रांतीला बांगडीवाली आली तर हाताच्या सांध्यावरून बांगडी पुढं सरकेना, जुन्याच राहिल्या. आणि मग अकरा-साडेअकरा वाजले की हात मोकळा व्हायचा. तिथंच तिचा घात झाला. "कामाच्या वक्तालेच बरे दुखते हिचे हात," असं माझी आईच म्हणायची.

खरं तर डॉक्टरला हवी ती खूण त्यातच होती. झिजेचा गुडघा वापरला की जास्त दुखतो, बसलं की बरं वाटतं. सकाळी धरला तरी पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटतो. वहिनीला झाला होता तो आमवात, डॉक्टर त्याला आरए (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) म्हणतात. त्याचं उलटं. रात्रभर आराम केला की सांधे लाकूड होतात, तासभर किंवा जास्तही वेळ सुटत नाहीत, हालचालीनं मोकळे होतात. यात आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा सांध्याच्या अस्तरावर उलटते. थंडीनं होत नाही, ताकानं होत नाही, म्हातारपणाचाही नाही. बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त होतो, आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात.

घरात उपाय सुरू झाले. दही बंद, चिंच बंद, वांगं बंद, शेवटी तुरीचं वरणही बंद. दिवसभर निंदणाला जाणाऱ्या बाईचं वरण काढलं तर ताटात उरतं काय? युरिक ॲसिडवाल्यांनाही, म्हणजे त्या लालबुंद अंगठ्यावाल्यांनाही, मी सांगतो, डाळीवर राग काढू नका, आधी दारू आणि मटणाचं बघा. तांब्याचं कडं घातलं. तेलाची मालिश झाली. मालिशीबद्दल माझं काही म्हणणं नाही, बरं वाटतं, कोणी मायेनं हात लावतं. पण तेल सांध्यात जाऊन वंगण होत नाही.

मग कोणीतरी पुडीचा पत्ता दिला. जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीनं पंधरा भाकरी थापल्या. आईनं देवापुढं नारळ फोडला. मी मेडिकलवाला माणूस, माझ्या डोक्यात तेव्हाच खटकायला हवं होतं. वर्षाचं दुखणं तीन दिवसांत पुसून टाकणारी जडीबुटी असते कुठं? पण घर हसत होतं, मी गप्प बसलो. चार महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. जरा लागलं की कातडीवर काळे-निळे डाग. शुगर निघाली. एकदा पुड्या संपल्या तर उलट्या होऊन चक्कर येऊन पडली. नागपूरच्या डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारलं, "पुडी कोणाची घेता?" त्यांना संशय स्टेरॉइडचा होता. स्टेरॉइड काही विष नाही, डॉक्टरही थोड्या दिवसांसाठी मोजून देतात. पण नकळत महिनोन्महिने पोटात गेलं तर हाडं पोकळ होतात, आणि एकदम तोडलं तर जिवावर बेततं.

आता ती मेथोट्रेक्सेट घेते. याच्याबद्दल गावात एकच बोलणं, "ते तं कॅन्सरची गोळी हाये!" कॅन्सरलाही देतात, खरं आहे, पण तिथला डोस कितीतरी मोठा. इथं आठवड्यातून एकदाच, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. पत्त्यावर मी मार्करनं ठळक 'सोमवार' लिहून देतो, कारण "रोज घेतली तं लवकर बरी होईन" म्हणणारे भेटतात. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस जाऊ शकतो. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी लिव्हरची आणि रक्ताची तपासणी. दिवस राहायचे असतील तर डॉक्टरला आधी सांगायचं, ही गोळी तेव्हा चालत नाही. दुसरी तिची गोळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मलेरियाची म्हणून ओळखली जाणारी. 2020 च्या कोरोनात लोकांनी ती घाबरून घरात भरून ठेवली आणि माझ्या स्वतःच्या दुकानात वहिनीपुरती उरली नाही. तो महिना मी विसरत नाही.

या गोळ्यांना गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिथंच लोक सोडतात. पुडी तीन दिवसांत, ही तीन महिन्यांत, मग कोण थांबणार? आणि दुखणं थांबवणारी गोळी वेगळी, सांधा वाचवणारी वेगळी. पहिली मी हजारो विकल्या. सांधा आतून खाल्ला जातच राहतो, वर किडनी आणि पोटाचा खर्च. वाकडी झालेली बोटं मग औषधानं सरळ होत नाहीत. वहिनीची दोन राहिलीत तशीच.

हो, आणि 'आरए टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे काही नाही' हेही खोटं. आजार असून साधारण पाचांत एखाद्याची निगेटिव्ह येते.

आता मी काउंटरवर विचारतो. परवा एक काका आले, सुनेसाठी गोळ्या पाहिजे म्हणाले.

"काका, सकाळी हात किती वेळ धरते?"

"आंगधुनीचं पाणी तापून थंडं होते, तवरिक तिले बादली उचलता येत नाही."

"सुजते का?"

"सुजते जी. दोनी हात."

म्हटलं, गोळ्या नका नेऊ, हिला नागपूरला किंवा सेवाग्रामला दाखवा, याच महिन्यात दाखवा. चिठ्ठीवर लिहूनही दिलं. काकांनी चिठ्ठी नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

"नेतो ना भाऊ. वेचणी होऊ द्या."

यंदा वेचणी फेब्रुवारीपर्यंत तरी चालेल.