रिमांड होम स्वस्तात कसं सुधारावं

तुमचं नाव बेळगावच्या जिल्हा तपासणी समितीत आलंय म्हणे. अभिनंदन! २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तीन महिन्यांतून एकदा तरी तुम्हाला रिमांड होमची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली अठराच्या आतली पोरं ठेवतात त्या घराची, पायरी चढावी लागणार. सोबत एक बाई सदस्य आणि एक डॉक्टर असायलाच हवेत. निघण्याआधी दोन गोष्टी कानावर घालतो. तिथं जाऊन भलतंच काही लिहून आलात तर सरकारला खर्च पडेल, आणि असल्या पोरांवर खर्च म्हटलं की सरकारच्या पोटात कसा गोळा येतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पहिली गोष्ट, संडास मोजू नका. सात मुलांमागे एक संडास, दहा मुलांमागे एक न्हाणीघर असं नियमांत आहे. असू दे. मोजायला गेलात तर एकाला कडी नाही, दुसऱ्यात बादल्या रचल्यात, तिसऱ्याला कुलूप घालून वर खडूनं ‘स्टाफ’ लिहिलंय, असलं काहीतरी दिसायचं आणि अहवालात यायचं. त्यापेक्षा कंपाउंडची भिंत बघा. भिंत उंच करा, वर काटेरी तार ओढा, कॅमेरे बसवा, असं खुशाल लिहा. त्याचं टेंडर निघतं, नारळ फुटतो, पाटी लागते. समुपदेशक नेमला तर फीत कुठं बांधणार, त्याच्या गळ्यात?

प्रोबेशन ऑफिसरची जागा रिकामी दिसली तर तिला हात लावू नका. पोरगा बाल न्याय मंडळासमोर पहिल्यांदा उभा राहिला की पंधरा दिवसांत त्याच्या घराची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल द्यायचा, हे त्या माणसाचं काम. माणूस नाही म्हणजे पगार वाचला. आता अहवाल नाही म्हणून तारीख पडते, तारीख पडते म्हणून पोरगा आत राहतो, आत राहतो म्हणून दोन वेळ जेवतो. पण तो खर्च सरकारी हिशेबात वेगळ्या हेडखाली, म्हणजे वेगळ्या खात्यावर जातो, आणि दोन हेड एका कागदावर मांडायची नसतात. खानापूरच्या जंगलपट्टीतून बाप तारखेला येतो, त्याची दिवसाची मजुरी बुडते, बसचं भाडं जातं. त्याला तर हेडच नाही. मंडळापुढची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवा आणि कोंडून ठेवणं हा शेवटचा उपाय समजा, असं कायदा म्हणतो खरा. पोरगा जामिनावर घरी गेलेला सगळ्यात स्वस्त. पण स्वस्त गोष्टीला बजेट कसं मागणार?

भाषेचा विषय निघाला तर मात्र जपून. मुलाला कामकाजाची भाषा कळत नसेल तर दुभाषी द्यावा, असं त्याच कायद्याचं कलम ८ सांगतं. समोर कागद कन्नडमध्ये, आणि पोरानं शाळा सोडलेली चौथीत, तीही मराठी. आपल्याकडं भाषेपायी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे वकील २००४ पासून सुप्रीम कोर्टात उभे आहेत, महाराष्ट्राचा ८६५ गावांवर दावा आहे, पाट्यांवरून डोकी फुटतात. एवढं भाषाप्रेम ओसंडणाऱ्या मुलखात ‘तुझ्यावर आरोप काय आहे’ एवढंच मराठीत सांगणारा एक माणूस मागून वातावरण बिघडवू नका. आपले पुढारीही त्या भानगडीत पडायचे नाहीत. पोराला मत कुठं असतं?

पैशाचं कुणी विचारलं तर मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या सरकारी योजनेचं नाव घ्या. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०, म्हणजे बोट दाखवायला दोन्हीकडं भरपूर जागा. एखादा आगाऊ माणूस सुवर्ण विधानसौधचा, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचा, विषय काढेल. २०१२ साली ४०० कोटींच्या आसपास खर्चून बांधलं, वर्षाकाठी दहाएक दिवस अधिवेशन भरतं, वगैरे. त्याला सांगा, तिथं येणारे सज्ञान असतात, त्यांचे संडासाचे निकष वेगळे.

राहिला प्रश्न फाईल कधी पाठवायची. डिसेंबरात नको, सगळी खाती अधिवेशनाच्या तयारीत. जानेवारी-फेब्रुवारीत नवं बजेट शिजत असतं. मार्चमध्ये उरलेले पैसे संपवायचे असतात, तेव्हा कॅमेऱ्याचं बिल आधी निघतं. एप्रिल-मेमध्ये साहेबांच्या बदल्या. जूनमध्ये छप्पर गळायला लागलं की बांधकाम खात्याचा माणूस येईल, वर बघेल आणि म्हणेल, पाऊस थांबू दे. बेळगावचा पाऊस थांबेपर्यंत दिवाळी. तोवर तुम्ही ज्याच्यासाठी लिहिलंत तो पोरगा सुटून, अठरा ओलांडून, नव्या लफड्यात सापडलेला असेल. मग काळजी नाही, त्याचा खर्च हिंडलग्याच्या मोठ्यांच्या जेलच्या हेडखाली.