टाकी आहे का, टाकी?

२० एप्रिल २०२०. ह्यूस्टनला दुपारचा दीड, म्हणजे डोंबिवलीत रात्रीचे बरोबर बारा. लॉकडाऊनमुळे माझं ऑफिस डायनिंग टेबलावर आलं होतं. एका कानाला कामाचा फोन, आणि टेबलावर दुसरा फोन थरथरतोय. मामेभाऊ.

"दादा, तू तेलातच आहेस ना? अरे, उणे सदतीस दाखवतायत. टीव्हीवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय ना?"

घोळ नव्हता. वेस्ट टेक्सस इंटरमिजिएट या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा त्या दुपारी उणे ३७.६३ डॉलरला बंद झाला होता. म्हणजे तेल न्या, वर प्रत्येक बॅरलमागे साडेसदतीस डॉलर आमच्याकडून घ्या. आमच्या भावाने त्याच संध्याकाळी एक लॉट घेऊन ठेवला होता, १०० बॅरलचा, ९६५ रुपयांच्या आसपास. "एवढं स्वस्त झालंय, आणखी पडून पडून किती पडणार?" हा त्याचा हिशोब. भाव शून्यावर थांबतो असं त्याने गृहीत धरलेलं, आणि खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच धरलं असतं. लॉकडाऊनमुळे भारतातला वायदेबाजार तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचा. त्यामुळे रात्रभर नुसतं बघत बसण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. शेवटी भारतातल्या त्या सौद्याचा भाव लागला उणे २,८८४ रुपये. एका लॉटमागे जवळजवळ ३ लाख ८५ हजार बुडाले.

दुसऱ्या कानाला जो कामाचा फोन होता, त्यावर सकाळपासून एकच प्रश्न चालला होता. ओळखीचे, अनोळखी, गेल्या वर्षी माझ्याशी भांडलेले, सगळे एकच विचारत होते: "टाकी आहे का, टाकी?"

मी पाइपलाइनचा शेड्युलर आहे. रेल्वेत टाइमटेबल लावणारा माणूस असतो तसं समजा. कोणाचं तेल कधी लाइनमध्ये शिरणार, त्यामागे कोणाचं, कुठल्या टाकीत उतरणार, हे महिनाभर आधी मांडायचं आणि मग महिनाभर मोडताना बघायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय आणि ते इथल्या पार्ट्यांमध्ये कोणालाच आवडत नाही, म्हणून फेसबुकवर टाकतोय: शेल तेलाच्या, म्हणजे घट्ट खडक फोडून काढायच्या तेलाच्या, या सगळ्या खेळात विहिरी मोजतात, रिग म्हणजे खोदाईची यंत्रं मोजतात, पाइप मोजतात, रिकामी जागा कोणी मोजत नाही. आणि भाव ठरतो तो रिकाम्या जागेवर.

आधी त्या उणे भावाचं. या वायद्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंग या गावी होते. सात-आठ हजार वस्तीचं गाव. वेशीवर पाइप आणि व्हॉल्व्ह जोडून केलेलं स्मारक, त्यावर 'जगातल्या पाइपलाइनींचा चौक' या अर्थाची पाटी. गावाबाहेर नजर जाईल तिथे पांढऱ्या गोल टाक्या. सौद्याची मुदत संपताना ज्याच्या हातात वायदा राहील, त्याने या गावातून खरंखुरं तेल उचलायचं. त्या आठवड्यात तिथे साधारण ६ कोटी बॅरल तेल होतं आणि वापरण्याजोगी जागा साडेसात कोटींच्या वर. म्हणजे टाक्या भरल्या नव्हत्या! लोक आजही म्हणतात, कुशिंग भरलं म्हणून भाव उणे गेला. भरलं नव्हतं. उरलेली जागा आधीच कोणी ना कोणी भाड्याने घेऊन ठेवलेली होती. एसटीत सीट रिकामी दिसते, पण खिडकीतून रुमाल टाकलेला असतो, तसं. ज्यांच्याकडे रुमाल नव्हता ते उभे राहिले, आणि उभं राहण्याचे पैसे मोजले.

भावाला मी कांद्यावरून समजावलं. भाव इतका पडतो की काढणी, गोणी आणि टेम्पोभाडंही सुटत नाही, तेव्हा शेतकरी उभ्या कांद्यावर नांगर फिरवतो. त्या दिवशी त्या कांद्याचा भाव उणेच असतो, फक्त बाजार समितीच्या फळ्यावर कोणी तसा लिहीत नाही. इथे लिहिला, एवढाच फरक.

हे एका दिवसात झालं नाही. २००८ च्या सुमाराला अमेरिका रोज ५० लाख बॅरल काढत होती. २०१९ मध्ये हा आकडा १ कोटी २२ लाखांवर गेला. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे उलटं झालं. आड तुडुंब, पोहराच नाही. जुन्या लाइनी बाहेरून आलेलं तेल आत न्यायला टाकलेल्या होत्या. टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या फ्रीपोर्टहून कुशिंगला तेल चढवणारी सीवे लाइन त्यातलीच. तिची दिशा मे २०१२ मध्ये उलटी केली. पहिल्यांदा रोज दीड लाख बॅरल, पुढच्या जानेवारीत पंप वाढवून ४ लाख, आणि शेजारी जुळी लाइन टाकल्यावर साडेआठ लाख. त्याहून गमतीची लाँगहॉर्न. १९५० च्या आसपास पश्चिम टेक्ससचं कच्चं तेल ह्यूस्टनला आणायला बांधली. मग ते तेल आटलं म्हणून पेट्रोल-डिझेल उलट्या दिशेने न्यायला लावली. २०१३ मध्ये पुन्हा फिरवून कच्च्या तेलाला जुंपली. माहेर-सासर-माहेर.

अशा फिरवाफिरवीवर माझा जीव आहे. नवीन पाइप न टाकता क्षमता वाढवायच्या बऱ्याच युक्त्या आहेत. मधल्या स्टेशनांवर पंप वाढवा. तेलात चिमूटभर पॉलिमर सोडा. दहा लाखात काही भाग इतकंच, पण आतला खळबळाट शांत होतो आणि त्याच पाइपातून जास्त तेल सरकतं. नॉर्थ डकोटाहून इलिनॉयला जाणारी डकोटा ॲक्सेस लाइन २०२१ मध्ये रोज ५.७ लाखांवरून ७.५ लाख बॅरलवर गेली, ती मुख्यतः पंपांवर. अर्थात त्या लाइनचं नाव काढलं की स्टँडिंग रॉक आठवणारच. २०१६ ची थंडी, ओआहे तलावाखालून पाइप नको म्हणून तंबू ठोकून बसलेले तिथले मूळनिवासी सू लोक. त्यांच्या पाण्याची काळजी खरी होती, आणि त्यांना ज्या पद्धतीने हाताळलं ते लाजिरवाणं होतं. पण पाइपच नको म्हणणाऱ्यांना मी लाक-मेगांतिक हे नाव सांगतो. ६ जुलै २०१३, क्वेबेकमधलं छोटं गाव, नॉर्थ डकोटाचंच तेल घेऊन निघालेली ७२ टँकरांची मालगाडी मध्यरात्री उतारावरून आपोआप घरंगळली. ४७ माणसं गेली. पाइप नसला की तेल जमिनीत राहत नाही, ते रुळांवर आणि रस्त्यावर येतं.

रस्त्यावर म्हणजे काय, ते मी २०१८ मध्ये मिडलंडला पाहिलं. पश्चिम टेक्ससमधल्या पर्मियन या शेल तेलाच्या खोऱ्याची जणू राजधानी. ऑगस्टचं ऊन, हायवेवर टँकरमागे टँकर, हवेत बारीक वाळूची धूळ, आणि साध्या मोटेलची खोली ह्यूस्टनच्या चांगल्या हॉटेलपेक्षा महाग. एक ट्रक साधारण १८० ते २०० बॅरल नेतो. पाच लाख बॅरल ट्रकनं हलवायचं तर दिवसाला अडीच हजारांहून जास्त खेपा. ड्रायव्हर मिळत नव्हते. जे होते ते झोपत नव्हते. त्या उन्हाळ्यात मिडलंडच्या तेलाला कुशिंगपेक्षा बॅरलमागे १५ डॉलरहून जास्त कमी मिळत होते. तेल तेच. विहिरीतून निघायची वाट नाही, एवढाच त्याचा दोष.

मग व्हायचं तेच झालं. पंधरा डॉलरचा फरक बघितला की प्रत्येकाला पाइप टाकावासा वाटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅक्टस-२ ही लाइन सुरू झाली, रोज ६.७ लाख बॅरलची. नोव्हेंबरमध्ये ग्रे ओक, ९ लाखांची. एपिक या कंपनीने तर कच्च्या तेलाची स्वतःची लाइन तयार होईपर्यंत वायूद्रवाच्या (नैसर्गिक वायूतून वेगळ्या काढलेल्या प्रोपेनसारख्या द्रवांच्या) लाइनीतूनच तेल पाठवायला सुरुवात केली. सगळ्या निघाल्या कॉर्पस क्रिस्टी बंदराकडे, कारण २०१५ च्या डिसेंबरात निर्यातबंदी उठली होती आणि खरा गिऱ्हाईक आता समुद्रापलीकडे होता. (आपणही. इंडियन ऑइलने घेतलेलं पहिलं अमेरिकी तेल २ ऑक्टोबर २०१७ ला पारादीपला उतरलं, १६ लाख बॅरल.) एका गावात एकाच्या उसाला भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळं गाव ऊस लावतं. मार्च २०२० मध्ये मागणी बसली आणि त्याच नव्या लाइनी अर्धपोटी पडल्या. एंटरप्राइज या पाइपलाइन कंपनीने सप्टेंबरमध्ये मिडलंड-ह्यूस्टनची चौथी लाइन रद्दच केली. त्यांनी एक जुनी वायूद्रवाची लाइन २०१९ मध्ये कच्च्या तेलाला लावली होती, ती २०२३ च्या अखेरीला परत वायूद्रवाकडे फिरवली. आणि आज? पर्मियन रोज ६० लाखांच्या वर काढतंय, लाइनी पुन्हा दाटल्यात, मीटिंगांमध्ये पुन्हा "विस्तार" हा शब्द ऐकू येतो.

गोम अशी की शेलची विहीर आणि पाइप यांचं आयुष्य जुळत नाही. शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त ओसरते. उत्पादन टिकवायचं तर सतत नव्या विहिरी खोदत राहायचं. पाइप मात्र नीट सांभाळला तर पन्नास वर्षं जातो. मधे करार असतो सात-दहा वर्षांचा: तेल पाठवा नाहीतर नका पाठवू, भाडं भरा. बँक या करारावर पैसे देते. म्हणजे कोणीतरी दहा वर्षांपुढचं तेल आज छातीठोकपणे कबूल करतो, आणि ते काढणारी विहीर अजून खोदलेलीही नसते. करार संपतो तेव्हा पाइप तरुणच असतो. मग भाडं पाडून गिऱ्हाईक ओढायची मारामारी. ज्याच्या शेतातून लाइन गेली त्याला यातलं काही मिळत नाही, त्याला एकदाच पैसे मिळालेले असतात. टेक्ससमध्ये कंपनीने फॉर्मवर 'आम्ही सगळ्यांचं तेल वाहू' अशी खूण केली की जमिनीचा हक्क मिळायचा. २०१२ मध्ये डेनबरी ग्रीन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती खूण पुरत नाही. आपल्याकडे १९६२ चा कायदा आहे, जमीन शेतकऱ्याची राहते, पाइपाच्या वापरहक्कासाठी बाजारभावाच्या १० टक्के मिळतात. त्या पट्ट्यावर पुन्हा घर नाही, विहीर नाही, झाड नाही. विचारा ज्याच्या रानातून गेली आहे त्याला.

आता माझं आवडतं. पाइप म्हणजे साठा नव्हे, पण पाइपही रिकामा नसतो. ३० इंची, ८०० मैलांची लाइन घ्या, तिच्या पोटातच ३५ लाख बॅरल तेल कायम पडून असतं. ते तेल बाहेर काढता येत नाही, कारण मागून ढकलणारं तेलच पुढचं बाहेर काढतं. टाकीचंही तसंच, तळाशी काही फूट तेल सोडावंच लागतं. म्हणून कागदावरची क्षमता आणि हातातली क्षमता यात नेहमी अंतर.

२०२० च्या मे महिन्यात कामासाठी एकदा टाक्यांवर जावं लागलं. या टाक्यांचं छत तेलावर तरंगतं, तेल चढलं की वर, उतरलं की खाली. एरवी जिना चढून कठड्यावरून वाकलं की छत खोल दिसतं, आडात वाकून बघावं तसं. त्या दिवशी वाकलो आणि छत समोरच होतं. हात पुरला असता. इतकी वर्षं चढतोय तो जिना, पोटात कधी गोळा आला नव्हता. बरोबरचा म्हातारा ऑपरेटर, टेक्ससचाच, गेज वाचून एवढंच म्हणाला, "आता पाऊससुद्धा नको."

म्हणून माझं मत: शेलसाठी वाढवायचंच असेल तर घाईच्या पाइपापेक्षा आधी टाक्या वाढवा, आणि त्यातल्या काही रिकाम्या ठेवायचे पैसे मोजा. लुईझियाना आणि टेक्ससच्या किनाऱ्याखाली मिठाच्या गुहांमध्ये सरकारची ७१ कोटी बॅरलची जागा आहे. मार्च २०२० मध्ये ती स्वस्तात भरायची घोषणा झाली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तेलखरेदीचे ३ अब्ज डॉलर दिले नाहीत. मग २.३ कोटी बॅरलची जागा खासगी कंपन्यांना भाड्याने दिली. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये भारताने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या गुहा सरासरी १९ डॉलरने भरून घेतल्या. शहाणपण होतंच, पण जागा रिकामी होती म्हणून शहाणपण जमलं. तीनही मिळून ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. तिथे थांबायला नको होतं.

हे सगळं परवा भावाला फोनवर ऐकवलं. त्याने वायदा केव्हाच सोडला. आता भिवंडीत गोदामं भाड्याने लावून देतो, दलालीवर. त्याचा एक गाळा सहा महिने रिकामा आहे, मालक भाडं उतरवायला तयार नाही, म्हणून तो वैतागला होता. मी म्हटलं, राहू दे रे रिकामा, रिकाम्या जागेलाच खरी किंमत असते.

"हो का?" तो म्हणाला. "मग मेन्टेनन्स तू भर ना, दादा."