कॅन्सरच्या संशोधनाला कॅन्सर झालेला माणूस लागतो का?

वरच्या प्रश्नाने सुरू होणारा एक मेसेज मला महिन्याभरात तीन ग्रुपवर आला. सारांश असा: मानसिक आजारातून गेलेल्यांना संशोधनात सामील करून घेणं हे फॅड आहे. त्यांचं म्हणणं व्यक्तिनिष्ठ, त्यांना अभ्यासाची शिस्त नाही, आणि ज्यांचं डोकंच ठिकाणावर नाही त्यांची संमती तरी कशी घ्यायची? मी सात वर्षं लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेतेय, म्हणजे या वादात मी तटस्थ नाही. मेसेज लिहिणाराही नाही.

आधी कॅन्सर. गाठ किती आक्रसली ते स्कॅनवर दिसतं. नैराश्य किती ओसरलं हे सांगणारी रक्ततपासणी नाही. तिथे मोजपट्टी म्हणजे प्रश्नावली, आणि काय विचारायचं हे ज्याने ठरवलं त्याने अर्धा निकालही ठरवला. लिथियमने माझा हात थरथरतो. पाहुण्यांसमोर कपबशी खुळखुळते म्हणून चहाचा ट्रे उचलणं मी सोडून दिलं. ‘लक्षणं आटोक्यात’ या रकान्यात हे कुठे लिहायचं?

आता व्यक्तिनिष्ठता. इथे जरा थांबायला हवं, कारण याची परीक्षा होऊन गेली आहे. ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना, रॉयल कॉलेज, रुग्णांना सांगत असे की शॉक (मेंदूला विजेचे झटके देऊन मनोविकारावर केला जाणारा उपचार, ईसीटी) घेतलेले ८० टक्क्यांहून जास्त लोक समाधानी असतात आणि विसरभोळेपणाचं फारसं काही नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डायना रोज यांनी स्वतः शॉक घेतले होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास गोळा केले: डॉक्टरांनी केलेले २६, रुग्णांनी किंवा रुग्णांना सोबत घेऊन केलेले ९. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आला. डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधान जास्त दिसत होतं. पण उपचार संपल्यासंपल्या, हॉस्पिटलातच, डॉक्टरनेच, मोजके प्रश्न विचारले की समाधान वाढतं, हेही दिसत होतं. साहजिक आहे. ज्याच्या सहीवर डिस्चार्ज अवलंबून, त्याला कोण म्हणेल ‘नाही बरं वाटलं’?

स्मृतीचंही तसंच. नेहमीच्या चाचण्या नवं काही लक्षात राहतं का ते तपासत. लोक मात्र सांगत होते की मागचं पुसलं गेलं. शब्दांची यादी धडाधड म्हणून दाखवणाऱ्या बाईला आपल्या मुलीचं बारसं आठवत नसेल, तर चाचणीत ती पासच. किमान एक तृतीयांश लोकांनी टिकून राहिलेला स्मृतिनाश नोंदवला होता. रॉयल कॉलेजचा दावा निराधार आहे, असं या लेखाने स्पष्ट म्हटलं. रुग्णसंघटनांच्या पाहणीत नाराज लोक जास्त येत असतील, हे मान्य. पण मग कल दोन्हीकडे होता ना? एकाच बाजूच्या कलाला आपण इतकी वर्षं शास्त्र म्हणत होतो. (यावरून शॉक वाईट, असं कुणी फॉरवर्ड करू नये. अनेकांना त्याने तारलं आहे.)

शिस्तीबद्दल फार लिहीत नाही. पुण्यात बापू ट्रस्ट ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था उभी करणाऱ्या भार्गवी दावर यांनी आईला मनोरुग्णालयांत पाहिलं होतं आणि संशोधनही आयुष्यभर केलं. एकाने दुसऱ्याला खीळ बसली नाही.

संमतीचं उत्तर कायद्यातच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात निदान झालं म्हणून माणसाची निर्णयक्षमता गेली असं धरलेलं नाही, आणि संशोधनासाठी त्या व्यक्तीची मुक्त, माहितीपूर्ण संमती घ्यायलाच सांगितलं आहे. अडचण वेगळीच असते. मला एकदा जो संमतीपत्राचा कागद दिला होता त्यात ‘सदर अभ्यासातून माघार घेण्याचा अधिकार अबाधित राहील’ असं होतं. माझ्या शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे मध्येच सोडलं तर गोळ्या बंद करतील का?” तो कागद लिहिताना टेबलाशी एखादी काकू असती, तर तिथे सरळ लिहिलं गेलं असतं: मध्येच सोडलंत तरी गोळ्या चालू राहतील.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला पटलं, ‘हे सगळं दिखाऊ असतं.’ बरेचदा असतंच. उद्घाटनाला बोलावतात, कहाणी सांगायला लावतात, शाल-श्रीफळ देतात, आणि आकडेमोड सुरू व्हायच्या आधी रिक्षात बसवून देतात. भाडं आपलं आपण.