मगो 1967 सालीच संपला म्हणे!

दर वर्षी 16 जानेवारी, म्हणजे अस्मिताय दीस, जवळ आला की गोव्यातल्या मोबाईलवर एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) हा महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी गोवा गिळायला काढलेला पक्ष, गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण सोडून त्याला दुसरा कार्यक्रम नव्हता, तो निव्वळ हिंदूंचा आणि कोकणीच्या मुळावर उठलेला, 1967 च्या जनमत कौलात गोंयकारांनी त्याला गाडला, उरलासुरला भाजपने खाल्ला. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

पाठवणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक असतात, म्हणून हा खटाटोप. मी मगोच्या सिंहावर शिक्का मारला की नाही, हे मी आणि मतपेटी बघून घेऊ. पण इतिहास म्हणून जे सांगितले जाते ते निदान घडलेले तरी असावे.

'जनमत कौलात गाडला गेला', इथून सुरुवात करतो, कारण बाकीचा मजकूर याच खुंटीवर टांगलेला आहे. 16 जानेवारी 1967 ला मतदान झाले. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. विलीनीकरणाचा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला, यात वाद नाही. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाच्या मागणीवरून मगोचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे सरकार डिसेंबर 1966 मध्येच पायउतार झाले होते. म्हणजे मगो त्या वेळी सत्तेतही नव्हता आणि मतदानही हरला होता. संपायचाच असता तर याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

झाले काय? 28 मार्चला विधानसभेची निवडणूक लागली, म्हणजे पुरते अडीच महिनेही गेले नव्हते. तीस जागांपैकी मगोला 16, युनायटेड गोवन्सला 12. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. 1972 ला मगोच्या जागा 18 वर गेल्या. 1973 च्या ऑगस्टमध्ये भाऊ अचानक गेले, त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि 1977 ला 15 जागा घेऊन पुन्हा आल्या. कौल हरलेला पक्ष त्यानंतर बारा वर्षे राज्य करत होता.

आता काही जण म्हणतील की लोकांनी जानेवारीत एक विचार केला आणि मार्चमध्ये दुसरा. तसेही नाही. सासष्टीसारख्या तालुक्यात दोन पानांच्या मतांचे ढीग पडले. पण ढीग कितीही उंच झाला तरी एका मतदारसंघातून आमदार एकच निघतो. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या पट्ट्यात मगोचा पाया होता तिथेच राहिला. कौलात गोव्याच्या भवितव्याचा प्रश्न होता, मार्चमध्ये गोव्यात राज्य कोणी करायचे हा. दोन्हींची उत्तरे वेगळी आली आणि लोकांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

गंमत पुढेच आहे. कौल जिंकलेल्या युनायटेड गोवन्सचे काय झाले? जॅक सिक्वेरांचा तो पक्ष आधी दोन गटांत फुटला, आणि 1977 ची निवडणूक येईपर्यंत काही काँग्रेसमध्ये, खुद्द सिक्वेरा जनता पक्षात, असा पांगला. जिंकलेल्याचा फलक हरलेल्याच्या आधी उतरला.

'महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी काढलेला पक्ष.' महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या पक्षांचे पुढारी विलीनीकरणाच्या बाजूने होते, खरे. पण पाठिंबा देणे वेगळे आणि पक्ष काढणे वेगळे. दयानंद बांदोडकर पेडण्याचे, गोमंतक मराठा समाजातले, स्वकष्टाने उभे राहिलेले खाणमालक. पक्ष 1963 चा. पहिली निवडणूक त्याच वर्षीच्या डिसेंबरात. मित्रपक्ष धरून 16 जागा आल्या, 12 युनायटेड गोवन्सला. ज्या काँग्रेसच्या पंतप्रधानांनी दोन वर्षांपूर्वी सैन्य पाठवून गोवा सोडवला, त्या काँग्रेसला खुद्द गोव्यातल्या 28 जागांपैकी एकही मिळाली नाही. एक आली ती दमणमधून! याचे उत्तर बाहेरच्या पुढाऱ्यांत सापडणार नाही. गावातले भाटकार, म्हणजे जमीनदार, आणि त्यांचे गोतावळे काँग्रेसच्या व्यासपीठावर बसलेले कुळांनी पाहिले होते. तेवढे पुरले.

यावरून 'विलीनीकरण सोडून दुसरा कार्यक्रम नव्हता' या दाव्याकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे. माझ्या मते मगोचा खरा इतिहास हाच आहे. विलीनीकरण हा त्याचा झेंडा होता, जमीन हा त्याचा पाया.

पोर्तुगीज जाताना गोव्यातल्या खेड्यात जमिनीची रचना कशी होती ते नव्या पिढीला सांगावे लागते. शेत कसणारे कूळ, जमीन भाटकाराची किंवा कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनीची संस्था) किंवा देवस्थानची. त्याहून नाजूक अवस्था मुंडकाराची. भाटकाराच्या भाटात, माडांच्या बुंध्याशी, त्याच्या परवानगीने बांधलेले घर. भिंती मुंडकाराच्या, खालची जमीन भाटकाराची. बदल्यात राखण करायची, नारळ पाडायच्या दिवशी हजर राहायचे, बोलावले की जायचे. नळे फुटले आणि छप्पर उतरवून घालायचे तर आधी वाड्यावर जाऊन विचारायचे. आणि मतदानाच्या दिवशी भाटकार ज्याचे नाव घेईल त्याच्या विरोधात जायचे तर घरातून उठवले जाण्याची भीती. अशा माणसाने 1963 साली पहिल्यांदा मत दिले, आणि ते सिंहाला दिले. त्याच्या मनात मुंबई किती होती आणि भाटकार किती होता, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत मी सांगितले.

बांदोडकरांच्या सरकारने 1964 मध्ये कूळ कायदा आणला. खंडावर, म्हणजे कुळाने द्यायच्या भाड्यावर, मर्यादा आली, कुळाला मनात येईल तेव्हा हाकलणे थांबले. ताईंच्या काळात 1975 ला मुंडकार कायदा झाला. त्याने मुंडकाराला घरातून काढण्याला बंदी घातली आणि घर आजूबाजूच्या जमिनीसह विकत घेण्याचा हक्क दिला: पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटर, नगरपालिकेच्या हद्दीत 200. पाठोपाठ कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. 20 एप्रिल 1976 हा तिच्यातला ठरवलेला दिवस. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो मालक मानला जाणार. कसेल त्याची जमीन ही घोषणा देशभर सगळ्यांनी दिली. गोव्यात ती राजपत्रात आली. भाटकार हिंदू होते तसे ख्रिस्तीही, कुळेही दोन्हीकडची. सासष्टीतल्या ज्या कुळाने जन्मात सिंहावर शिक्का मारला नाही, त्यालाही हाच कायदा लागू झाला.

कायदा केला म्हणजे जमीन मिळाली असे मात्र नाही. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून बघा. कुळाच्या रकान्यात आजोबांचे नाव असते, मालकाच्या रकान्यात अजून भाटकाराचे घराणे, आणि मधली खरेदीची सनद व्हायचीच असते. मामलेदाराच्या कचेरीत मुंडकारांची प्रकरणे तारखांवर तारखा घेत पडून आहेत. 2014 साली कुळांचे खटले मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात नेणारी दुरुस्ती झाली, दावे दाखल करायला मुदतही घातली गेली, आणि गावोगाव ओरड झाली. त्या मंत्रिमंडळात मगोचे मंत्री बसलेले होते. भाऊंच्या पक्षावर टीका करायचीच तर या ठिकाणी करावी. संदेशवाल्यांना ही गोष्ट ठाऊकही नसते.

'निव्वळ हिंदूंचा पक्ष.' मतदार बहुतांश हिंदू बहुजन, हे खरेच आहे. नाकारण्यात अर्थ नाही. पण 1963 ला मगोच्या पाठिंब्यावर उत्तर गोव्यातून लोकसभेत गेले ते पीटर आल्वारिस, प्रजा समाजवादी पक्षाचे, गोवा मुक्तिलढ्यातले आणि विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. उलट बाजूही पाहा. त्या काळात गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते. सगळे फुलामागे गेले असते तर विलीनीकरण आरामात जिंकले असते. वैध मतांत फुलाचा वाटा साडेचव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपासच राहिला. म्हणजे हजारो हिंदूंनी दोन पाने निवडली. 1990 ला तर 18 आमदारांच्या मगोने काँग्रेसमधून फुटून आलेल्या चर्चिल आलेमांव आणि लुइस प्रोत बार्बोझा यांच्याशी आघाडी केली आणि दोघांनाही पाठोपाठ मुख्यमंत्रिपदावर बसवले. आलेमांव म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वीच्या कोकणी आंदोलनातले आघाडीचे नाव! सत्तेसाठी केले म्हणा हवे तर. पण कट्टर धर्माच्या पक्षाला हे जमले नसते.

'कोकणीच्या मुळावर उठलेला' हा दावा मी अर्धा मान्य करतो. कोकणीला स्वतंत्र भाषा मानायलाच मगो तयार नव्हता, आणि घरात कोकणी बोलणाऱ्या आपल्याच मतदारांना तो हे सांगत राहिला. मला ती मोठी राजकीय चूक वाटते. 1985-86 च्या भाषा आंदोलनात आणि फेब्रुवारी 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळी पक्ष ज्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो त्याने स्वतःच रंगवला होता.

दुसरा अर्धा मात्र साफ चुकीचा आहे. मराठी म्हणजे विलीनीकरण आणि कोकणी म्हणजे गोवा, अशी सरळ रेघ त्या काळीही नव्हती. विलीनीकरणाविरुद्ध सगळ्यात धारदार लिखाण झाले ते मडगावच्या 'राष्ट्रमत'मध्ये, चंद्रकांत केणींच्या संपादकत्वाखाली, उदय भेंब्रे यांच्या लेखणीतून. आणि ते दैनिक मराठी होते. फुलाला हरवण्यात मराठीचा वाटा कमी नाही. पुढे 1990 मध्ये शिक्षणमंत्री असलेल्या शशिकलाताईंनीच निर्णय घेतला की प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवे तर माध्यम मराठी किंवा कोकणी असावे. त्या निर्णयामुळे चर्चच्या कितीतरी प्राथमिक शाळा इंग्रजीवरून कोकणीवर आल्या. 2011 ला काँग्रेस सरकारने इंग्रजी शाळांना अनुदान खुले केले तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर ताई आणि भेंब्रे शेजारी शेजारी होते. ज्याला हे चित्र समजत नाही त्याने गोव्याच्या भाषावादावर संदेश लिहू नये, एवढी विनंती.

राहिला शेवटचा, सगळ्यात लोकप्रिय दावा: 'भाजपने खाल्ला.' खाल्ला असेल, पण ताटात वाढून कोणी ठेवला?

क्रम बघा. एप्रिल 1979 मध्ये ताईंचे सरकार पडले ते मगोच्याच तीन आमदारांनी साथ सोडल्यामुळे. जानेवारी 1980 ला अर्स काँग्रेस (देवराज अर्स गटाची काँग्रेस) 20, मगो 7. निवडून आलेली अर्स काँग्रेस लगेच इंदिराबाईंच्या पक्षात गेली आणि मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे, जे 1972 ला पहिल्यांदा विधानसभेत गेले होते ते मगोच्या तिकिटावर. खुद्द ताईही काही काळ काँग्रेसमध्ये जाऊन आल्या. तेव्हा भाजपचा जन्मही झालेला नव्हता किंवा नुकता होत होता. मगोला पहिल्यांदा पोखरले ते काँग्रेसने, आणि पोखरायला माणसे मगोनेच पुरवली. कुळाला जमीन देऊन झाल्यावर त्याला पुढे काय द्यायचे, याचे उत्तर पक्षाकडे नव्हते. काँग्रेसकडे निदान सत्ता होती.

तरीही 1989 ला मगो 18 वर पोहोचला होता, काँग्रेसच्या 20 च्या अगदी मागे. मग 1991 च्या जानेवारीत मगोचे रवी नाईक फुटून काँग्रेसच्या मदतीने मुख्यमंत्री झाले. त्या काळातल्या मगोच्या फाटाफुटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1994 चा तो निवाडा आजही पक्षांतराच्या प्रत्येक प्रकरणात निघतो: स्वेच्छेने पक्ष सोडणे म्हणजे केवळ राजीनामा नव्हे, वागण्यावरूनही ते ठरू शकते. देशाच्या कायद्याला मगोने दिलेली ही देणगी म्हणायची!

1994 ला भाजपशी युती. मगो 12, भाजप 4. भाजपचे गोव्याच्या विधानसभेतले हे पहिलेच आमदार, आणि त्यांत मनोहर पर्रीकर. दोन वर्षांत मगोचे रमाकांत खलप भाजपविरोधी संयुक्त आघाडीच्या केंद्र सरकारात मंत्री. कार्यकर्त्याने कोणता झेंडा धरायचा? 1999 ला आकडे उलटले, मगो 4 आणि भाजप 10. 2002 ला मगो 2, भाजप 17. बहुजन मतदार भाजपने पळवला असे म्हणतात. मला वाटते तो कंटाळून उठला होता, भाजपने फक्त खुर्ची पुढे केली. मार्च 2019 मधली ती मध्यरात्र, जेव्हा मगोच्या तीन आमदारांपैकी दोघांनी विधिमंडळ पक्षच भाजपमध्ये विलीन केला, तिची बातमी झाली खरी. पण तोवर हा प्रयोग चाळीस वर्षे जुना झाला होता.

आणि 'संपला' म्हणावे तर तेही पूर्ण खरे नाही. 2022 ला मगो तृणमूलबरोबर लढला, मडकई आणि मांद्रे अशा दोन जागा जिंकल्या, आणि निकालानंतर भाजपला पाठिंबा देऊन सुदिन ढवळीकर मंत्री झाले.