भीमाशंकरची ‘मध्यम’ वाट: एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वही घेऊन तुमच्या वेळा मांडल्या, आणि तो राग तुमच्यावरून माझ्याकडे सरकला.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पायथ्याच्या खांडस गावाहून शिडी घाटाने चढून भीमाशंकर आणि गणेश घाटाने परत, असा एका दिवसाचा फेरा मी ‘मध्यम, सात-आठ तास’ म्हणून लिहिला होता. तो वाचून ताई डिसेंबरातल्या एका रविवारी घरच्या पाच जणांना घेऊन गेल्या. साडेदहाला खांडस सोडलं, रात्री साडेनऊला परत आले. धाकट्या जावेला शिडीवर रडू फुटलं, उतरताना अंधारात वाट चुकली, शेकरू काही दिसलं नाही. ‘असं लिहून लोकांचे जीव धोक्यात घालता, लेख काढून टाका,’ असं त्यांचं म्हणणं.

लेख काढत नाही. पण तो तसाच ठेवण्याजोगाही नाही.

‘सकाळी सातला चालायला लागा’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, लोकलने नेरळला उतरून, कशेळेमार्गे खांडसला जाणारी टमटम भरेपर्यंत थांबून, सातला पोचायचं कसं? नाहीच पोचत. मी सातला निघू शकलो कारण आदल्या रात्री खांडसमधल्या एका घरी ओसरीवर झोपलो होतो. अख्ख्या लेखात मुक्कामाचं अवाक्षर नाही! घाटातल्या एकेका झाडाचं नाव लिहिलं आणि ज्याच्यावर सगळं गणित उभं होतं तेवढंच राहिलं. शिवाय वार बुधवार, आम्ही दोघंच, देवळात रांग नाही. सात-आठ तास हा नुसता चालण्याचा हिशेब होता. डबे उघडणं, दर्शन, पाच जणांतल्या कुणाच्या तरी बुटाची नाडी, हे धरलं की दहा तास कुठेच गेले नाहीत.

दुसरी गोष्ट, ‘मध्यम’ हा शब्द. गणेश घाट सोपा आहे, फक्त लांब आणि रटाळ. शिडी घाट त्याच्या मानाने आखूड, पण खडा आणि दरीच्या बाजूने उघडा. दोन्ही मिळून मी ‘मध्यम’ लिहिलं. म्हणजे आमटी खारट झाली आणि भात अळणी राहिला, तर ताट बेताचं खारट म्हणण्यासारखं. जेवणाऱ्याला आमटी वेगळीच लागते. तुमच्या जावेला ती लागली.

आणि त्यांना सांगा, रडू येण्यात काही वावगं नाही. शिडी चढणं म्हणजे लोखंडी पायऱ्या धरत वर जाणं, ते जमतं. गोची होते ती शिडी संपते तिथे. हात शिडी सोडायला तयार नसतात, समोर धरायला खडकातली खाच, आणि पाठीवरच्या सॅकमधून बाहेर आलेली बाटली नेमकी मागच्या कपारीला अडकते. क्षणभर वाटतं की कुणीतरी मागे ओढतंय. माझ्या पहिल्या खेपेला मी तिथे बराच वेळ तसाच उभा होतो, खालून मित्र ‘काय रे, झोपलास का’ म्हणून ओरडत होता. सॅकच्या बाहेर काहीही लटकवायचं नाही, एवढं तेव्हा शिकलो. हेही लेखात नव्हतं. पावसाळ्यात तर ही बाजू नकोच, खडकावर शेवाळ आणि वरून धबधबा.

पण ताई, तुमचा दिवस खरा फसला तो शिडीवर नाही, पठारावर. या फेऱ्याचा आकार नीट पाहायला हवा. आपण म्हणताना शिडी घाटाने वर, गणेश घाटाने खाली म्हणतो, पण दोन्ही वाटा खाली पुलापाशी फुटतात आणि पदरवाडीच्या पठारावर पुन्हा एक होतात. तिथून देवळापर्यंत जंगलातला चढ जायला-यायला एकच. म्हणजे गोल फेरा खालच्या अर्ध्यातच आहे, वरचा तुकडा नुसता हेलपाटा. खांडसपासून देवळापर्यंत आठ-नऊशे मीटर चढाई धरली, तर त्यातला बराच भाग या हेलपाट्याचा. दर्शन सोडलं तरी फेरा पुराच होतो.

तुम्ही पठारावर दीडला होतात, असं लिहिलंय. तिथे लिंबू-सरबत घेतलंत, आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून वर निघालात. वर जाऊन दर्शन घेऊन पठारावर परत यायला साडेपाच वाजणार, सहाला सूर्य मावळणार, आणि पुढे गणेश घाटाचे तीन तास बाकी. त्याऐवजी दीडला तिथूनच उजेडात गणेश घाटाला लागला असतात, तर पदरगडाचे सुळके बघत बघत पाचपर्यंत खांडसला चहा प्यायला असता. अंधारात मोबाइलच्या उजेडावर पठार ओलांडताना माणूस हमखास ढोरवाटेला लागतो, कारण गुरांनी तुडवलेली वाट आपल्या वाटेपेक्षा जास्त रुळलेली दिसते. लेखात आता असं घातलंय: पठारावर साडेअकराच्या आत पोचलात तरच वर जा. आणि वर देवळाशी तीन वाजून गेले असतील तर उतरूच नका, सरळ एसटी धरून पुण्याला जा. गाडी खांडसला लावली असेल तर ती दुसऱ्या दिवशी आणता येते.

दर्शन चुकवणं घरच्यांना पटलं नसतं, हे मला कळतं. ज्यांना दर्शनच हवंय त्यांनी वरून, पुण्याच्या बाजूने गाडीने यावं. देऊळही बघण्यासारखं आहे. तिथली पोर्तुगीज घंटा चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी, असं सांगतात. ती निवांत बघायला पायांत थोडा जीव उरलेला बरा.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. जागोजागी खडकावर पांढऱ्या रंगाने बाण काढावेत, असं तुम्ही सुचवलंत. आधीच तिथे कुणाकुणाच्या ग्रुपचे, कुणाच्या प्रेमाचे, एकमेकांना छेद देणारे बाण आहेत. १९८५ पासूनचं अभयारण्य आहे ते, त्यात आणखी ऑइलपेंट नको. त्यापेक्षा गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या. त्याच्या रोजाचे पैसे पाच जणांत वाटले की डोक्यावर फार येत नाहीत, आणि शिडीवर सॅक तोच वर घेतो.

शेकरूचं म्हणाल, तर तेही घड्याळावरच अडलं. ते सकाळी आणि संध्याकाळी हिंडतं, दुपारी फांदीवर पसरून झोपतं. तुम्ही जंगलात शिरलात दोनला. अशा वेळी वर मान करून घरटी शोधायची, झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचे मोठे गोळे असतात. एकेकाची चार-पाच घरटी असू शकतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक आत आहेच असं नाही.

खांडसच्या त्या घरी काल फोन करून विचारलं, मुक्कामाला अजूनही ठेवतात. नंबर इथे उघड टाकत नाही, तुम्हाला मेलवर पाठवतो. भाकरी हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं, आणि किती जण ते नक्की सांगायचं. जावेला घेऊन जाणार असाल, तर या वेळी चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा गणेश घाटच धरा.