सम्याचे वाचलेले ५६० रुपये

गेम पास अल्टिमेट (मायक्रोसॉफ्टला महिन्याची वर्गणी भरायची आणि यादीतले शेकडो व्हिडिओ गेम खेळायचे, ती स्कीम) ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला ८२९ रुपयांवरून १३८९ झाल्यापासून कट्ट्यावर हा विषय अधूनमधून निघायचाच, पण एकदा ठाण्याच्या तलावपाळीवर सम्या आणि प्राजक्ताची जी जुंपली ती लिहायलाच हवी.

सुरुवात सम्याने केली, छाती फुगवून. त्याचं ऑटो रिन्यूअल आधीपासून चालू होतं आणि भारतातल्या तशा जुन्या मेंबर्सना तेव्हा जुनाच रेट ठेवला होता. "म्हणजे महिन्याला माझे ५६० वाचतात भाई!"

प्राजक्ता म्हणाली, "शेवटचा गेम कधी लावलेलास?"

"दिवाळीच्या आधी... ऑफिसचं लोड होतं ना यार."

"मग ५६० वाचत नाहीयेत, ८२९ जातायत."

सम्या उसळलाच. एकदा बंद केलं की हा रेट परत मिळणार नाही, शेकडो गेम आहेत, अमेरिकेत तर या वाढीनंतर ३० डॉलर झाले वगैरे वगैरे. हा माणूस पावभाजीवर एक्स्ट्रा बटरचे २० रुपये लावले म्हणून गाडीवाल्याशी भांडतो हे इथे सांगायलाच हवं. प्राजक्ता म्हणाली, "म्हणजे तू खेळायचे पैसे भरतच नाहीयेस, रेट जाऊ नये म्हणून भरतोयस." मला विचाराल तर सगळा विषय या एका वाक्यात आला.

मग निल्या मध्ये पडला, की पूर्वी आपण वाचनालयाची वर्गणी भरायचो तसंच हे. तर प्राजक्ता म्हणे, "तिथे एक पुस्तक परत केल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही, म्हणून वाचून व्हायचं. याने किती डाउनलोड केलेत आणि किती संपवलेत विचार." सम्याने हार्ड डिस्क फुल झाली म्हणून नवीन एसएसडी घेतलीय हे निल्याने त्याच वेळी फोडलं. न खेळलेल्या गेमसाठी!

सम्याचा एक मुद्दा मात्र खरा होता. २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्युटीचा नवा गेम ब्लॅक ऑप्स ६ पहिल्याच दिवशी गेम पासवर आला, तो विकत घ्यायचा तर हजारोंत गेला असता. जो असे दोन-तीन मोठे गेम वर्षाला खरंच खेळून काढतो त्याला हे परवडतं, वादच नाही. पण ८२९ गुणिले १२ म्हणजे वर्षाला ९९४८, आणि प्राजक्ता हवे ते गेम विशलिस्टला टाकून ठेवते, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा सेल लागला की एकच घेते, तो संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघत नाही, आणि घेतलेला तिच्या लायब्ररीत राहतो. गेम पासवर जीटीए ५ जानेवारी २०२० ला आला आणि मे मध्ये यादीतून गेला, मग परत आला, परत गेला. अर्ध्या मिशनवर असलेल्याने काय करायचं? विकतच घ्यायचा, मेंबर डिस्काउंटमध्ये. डीएलसी, म्हणजे गेमचा वेगळा विकत मिळणारा जादा भाग, घेतलं असेल तर ते तुमचंच, पण मूळ गेम गेल्यावर ते चालवणार कशावर? म्हणजे वर्गणी भरूनही खिशात हात जातोच, आणि मला याचाच राग येतो, कारण पूर्वी एक गेम घ्यायला महिनाभर विचार करणारी आमचीच पोरं आता विचारच करत नाहीत.

"पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तो," प्राजक्ता म्हणाली. "वाचतोस कधी?" सम्याने फोन काढला. पर्सनल लोनच्या दोन ऑफर आणि कुठल्यातरी फ्लॅटच्या जाहिरातीमध्ये तो मेसेज न उघडता पडलेला, आणि पैसे सकाळीच कटलेले.

इथे निल्या पेटला. "साल्या, त्यांना न मागता दर महिन्याला देतोस, आणि माझे अलिबागचे १२०० मी केव्हाचा मागतोय! मला पण ऑटो रिन्यूअलवर टाक की!"

सम्या एकदम गंभीर चेहऱ्याने, "टाकतो. पण नियमाप्रमाणे २४ तास आधी मेसेज कर."

प्राजक्ताला असा ठसका लागला की अर्धा कटिंग निल्याच्या नव्या शूजवर, मग शूज कितीचे यावरून सुरू झालं आणि सबस्क्रिप्शन बंद करायचं राहूनच गेलं.