प्रसिद्धीपराङ्मुख माणसाचं मानपत्र

गेली 22 वर्षं डीटीपीचं काम करतोय. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि मानपत्रं. मानपत्राला आलेलं गिऱ्हाईक मजकूर आणत नाही. "तुमच्याकडं असतोय की तयार," म्हणतं. असतोही. नम्र, निगर्वी, मनमिळाऊ, प्रसिद्धीपराङ्मुख. नाव बदललं की झालं. ज्याला प्रसिद्धी नको त्याच्यासाठीचा हा शब्द सोनेरी चौकटीत छापून, स्टेजवर उभं राहून, माईकवरून वाचला जातो. वाचणाऱ्याची जीभ 'पराङ्'पाशी हमखास ठेचकाळते.

फ्लेक्सवर तर दहा फुटी चेहरा आणि खाली बारक्या अक्षरात 'आपला विनीत'. मीच लावतो, पैसे घेतो, तक्रार कुठल्या तोंडानं करू?

मागच्या महिन्यात एका तालमीची पोरं आली. त्यांच्या जुन्या वस्तादांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. नेहमीचा साचा काढला, नाव टाकलं आणि का कोण जाणे, प्रिंट द्यायच्या आधी या माणसाला एकदा बघावं असं वाटलं. संध्याकाळी आमच्या कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, इथं म्हैस तुमच्यासमोर पिळतात आणि फेसाळ दूध तसंच पेल्यात हातात देतात. वस्ताद म्हशीच्या अंगाला टेकून बसले होते. कान पैलवानाचे, मुडपून गड्डा झालेले. पेला घेतला आणि उगंच विचारलं, "कुस्ती खेळत होता वाटतं?"

"खेळत कुठलं? पडत होतो. जिंकणाऱ्याखाली कोण तरी पडाय लागतंय की. सगळ्या मैदानांची माती माझ्या पाठीला वळखती बघा."

शेजारचा पोरगा हसत म्हणाला, "ऐकू नका ओ. घिस्सा डाव मारला की पुढचा आभाळ बघायचा. खासबागेत निकाली कुस्त्या केल्यात ह्यांनी."

शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 सालापासूनचं ते मैदान. तिथं कुस्ती मारणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. वस्ताद म्हणाले, "त्या दिवशी समोरच्याचं पोट बिघडलं हुतं." आणि पुढची धार काढायला वळले.

घरी येऊन साचा परत वाचला, तर एकही शब्द त्यांना बसेना. 'नम्र' म्हणजे वाकलेला; हा गडी ताठ बसलेला. 'विनय' हा मुळात शिस्तीचा शब्द, भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ तो विनयपिटक. 'लीन' देवळात शोभतं. 'भिडस्त' तर अजिबात नव्हे, अनोळखी माणसाची पहिल्या वाक्याला फिरकी घेणारा भिडस्त कसला? 'दीन' म्हणाल तर म्हशीची शपथ. दीन माणूस गरजेपोटी लहान होतो, वस्ताद मजेत लहान होत होते.

उलट बाजूचे शब्द बघा. माज, मस्ती, रग, गुर्मी, तोरा, ताठा, मिजास, घमेंड, फुशारकी, शेखी. कोल्हापुरात तर यातल्या काहींचं कौतुकच आहे, रग नसलेला पैलवान कोण बघायला जाईल? आणि स्वतःचीच टोपी उडवणाऱ्या मोठ्या माणसासाठी रोजच्या बोलण्यात एक सुटा शब्द सापडेना.

माझं मत असं की आपण ते काम शब्दावर सोडलेलंच नाही, ते वाक्यात मुरवलंय. 'आपलं' हे अक्षरत्रय घ्या. "काय करताय?" "बसलोय आपलं." "लिहिता म्हणे?" "लिहितो आपलं काहीतरी." या 'आपलं'चा अर्थ कोशात शोधून उपयोग नाही, तो सूर आहे. कर्तृत्वावर टाकलेलं मळकं फडकं. त्याच्या जोडीला वेडंवाकडं, मोडकंतोडकं, फूल ना फुलाची पाकळी. "चटणी-भाकरी खाऊन जावा," म्हणून बसवतात आणि ताटात तांबडा, पांढरा, सुकं मटण. तुम्ही तोंडात बोट घालावं म्हणूनच आधी चटणी म्हटलेलं असतं, हेही कबूल केलं पाहिजे. आमच्या नम्रतेत एवढी खोडी असतेच. पण "मी एक सामान्य कार्यकर्ता" म्हणणाऱ्यापेक्षा ती परवडली. तो कधी हसत नाही, हीच त्याची खूण.

शब्दाचा नाद सुटेना म्हणून शेवटी आजीची ज्ञानेश्वरी काढली. तेराव्या अध्यायात 'अमानित्व' येतं, ज्ञानाच्या लक्षणांत अगदी पहिलं. तिथं माउली सांगतात की असा माणूस बृहस्पतीच्या तोडीचा सर्वज्ञ असला तरी वेडेपणात दडून बसतो, का, तर 'महिमेभेणें'. मोठेपणाच्या भीतीनं! 1290 साली लिहून ठेवलंय आणि मी 22 वर्षं 'पराङ्मुख' टाइप करतोय. समोरच्याचं पोट बिघडलं होतं, हे त्या दडण्याचंच कोल्हापुरी रूप की.

मानपत्रात 'महिमेभेणें' घातला नाही. पोरं म्हणाली असती, प्रूफ तपासा. पण सगळी विशेषणं उडवली आणि चारच ओळी ठेवल्या: कुठल्या तालमीत घडले, कुठं लढले, किती पोरांना माती लावली, आणि अजून पहाटे चारला उठतात. पोरांना ते फार मोकळं वाटलं. "पैसे तेवढंच घेणार न्हवं?" असंही एकानं विचारलं.

परवा परत दूध प्यायला गेलो तर विचारलं, फ्रेम कुठं लावली. वस्ताद म्हणाले, "गोठ्यात. म्हशीच्या तोंडासमोर. तिलाबी कळू दे, कसल्या माणसाच्या हाताखाली दिवस काढतीया ते."